बुंध्याशी पायताणं

५ मे, सोमवार

कवठे महांकाळला पोचलो. मलकापुरातून निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. मिरज मागे पडली तसं रान उघडं होत गेलं आणि इथं आल्यावर नुसती बाभळ, बोरी आणि आभाळ. तरी मन प्रसन्न आहे. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली झाडं छाटली. हे पहिलं काम, ज्यात टोळी माझी, शब्द माझा आणि चूक झाली तर तीही माझीच. चूक होत नाही, तो भाग वेगळा.

गावाबाहेरच्या वसाहतीतून विजेची मोठी लाईन गेली आहे. वळवाचं वारं सुटलं की फांद्या तारांना लागतात, ठिणग्या पडतात आणि लाईट जाते. त्याआधी तारांजवळची प्रत्येक फांदी उतरवायची. ऐकायला हजामत वाटते. पण कुठल्या फांदीला आधी हात घालायचा, दोर कुठल्या बेचक्यातून घ्यायचा, काप खालून द्यायचा की वरून, हे कॉलेजात शिकवत नाहीत. मी नववीला शाळा सोडली. जे आलं ते झाडावर आलं, नाहीतर रद्दीतल्या पुस्तकांतून.

खोली तात्याबांकडे मिळाली. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, बोलणं हुकमी. ट्रंक खाली ठेवायच्या आत विचारलं, लाईट किती येळ घालवणार? मी म्हणालो, लागेल तेवढाच. ते म्हणाले, बगू की.

खिडकीसमोरच एक दांडगा कडुनिंब आहे. तारा त्याच्या अंगातून गेल्यात, गोधडीतून दोरा जावा तशा. असं झाड बघितलं की माझे हात शिवशिवतात.

६ मे, मंगळवार

टोळी भेटली. जयराज कराडचा, वर चढणारा, अंगानं सडपातळ, जिभेला हाड नाही. आप्पासो खालचं बघणारा, फांद्या ओढून ट्रॉलीत भरणारा. दोघंही मला मुकादम म्हणतात. मी सांगितलं, मुकादम उसाच्या टोळीला असतो, मी सुपरवायझर आहे. आप्पासो म्हणाला, बरं मुकादम.

त्यांना माझा नियम शिकवला. झाडावर चढणाऱ्यानं आपलं पायताण बुंध्याशी काढायचं. उतरला की घालायचं. काम संपल्यावर मी बुंध्याशी बघतो. तिथं पायताण असेल तर वर माणूस आहे. नसेल तर सगळे खाली आहेत. मगच तारांवर टाकलेली अर्थिंगची साखळी काढायची (ती असेपर्यंत चुकून लाईन आली तरी करंट जमिनीत जातो) आणि सबस्टेशनला फोन करायचा, लाईन क्लिअर. इतर टोळ्या नुसती बोंब मारतात, कोण हाय का रं वर! वाऱ्यात हाक हरवते, माणूस कानानं बहिरा असतो, कुणीतरी उगाच व्हय म्हणतो. पायताण खोटं बोलत नाही. हा नियम मी जिथं जिथं पाळला, तिथं आजवर कुणाला साधा चटकाही बसलेला नाही.

संध्याकाळी कडुनिंब नीट पाहून घेतला. बुंध्यापासून बैलगाडीभर अंतरावर, रस्त्याच्या कडेला, भंडारा लावलेला एक दगड आहे. बिरोबाचा. रस्त्यानं येणारी मेंढरंवाली माणसं दगडापाशी वहाणा काढतात, झाडाखाली अनवाणी जातात आणि परत येऊन वहाणा घालतात. लिंबही देवाचाच धरतात. गंमत वाटली.

९ मे, शुक्रवार

तीन गल्ल्या झाल्या. ठेकेदाराचा फोन आला, काम चोख आहे म्हणाला. मला ठाऊक होतंच.

रोज एक माणूस शेरडं घेऊन आमच्या मागं मागं असतो. भाऊसो नाव. बापजाद्यांनी मेंढरं राखली. याच्याकडं आता थोडी कोरडवाहू जमीन, थोडी शेरडं. उन्हाळ्यात चारा नाही, म्हणून पडलेला पाला मागतो. सुपरवायझर म्हणून मी परवानगी दिली. बोलायला लाघवी. म्हणाला, मुकादम, तुमी झाडाची भादरणी करताय न्हवं, मग केसं आमाला द्या की. जयराज म्हणाला, मामा, केसं न्या, पर शेरडं आवरा, माझी भाकरी खाल्ली त्या काळीनं. त्यावर हा म्हणाला, गड्या, कराडची भाकरी तिला कवा मिळायची?

त्याच्या वहाणा बघण्यासारख्या आहेत. जाड कातडं, टायरचा तळ, डाव्या पायातला तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं शिवलेला. टाके एकसारखे. मी विचारलं, कुणी शिवली? म्हणाला, मीच की. मला तो माणूस आवडला.

१४ मे, बुधवार

आज कडुनिंब घेतला.

सगळं लिहितो. जसं झालं तसं.

सकाळी लाईन बंद करून घेतली. साखळी टाकली. जयराज वर होता. दुपारपर्यंत झाड मोकळं झालं, फक्त रस्त्याकडच्या अंगाची एक फांदी तारेच्या वर राहिली. जयराजला गांधीलमाशी चावली, हात सुजला, तो उतरला. त्याला आणि आप्पासोला मी ट्रॉली भरायला घराच्या पलीकडे पाठवलं. तात्याबा दोनदा येऊन गेले होते, पाण्याची टाकी रिकामी, लाईट कवा येणार. भाऊसो रस्त्यावर उभा होता. मी म्हणालो, भाऊसो, ती फांदी उतरव आणि पाला सगळा तुझा. तो म्हणाला, चढू व्हय? मी म्हणालो, चढ की, मी आहे.

मी आहे, म्हणालो.

तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. बोलत बोलत खांबाकडे गेलो. परत आलो तर शेरडं ताजा पाला खात होती. वाटलं, फांदी पडली, हा उतरला. बुंध्याशी पाहिलं. पायताण नाही. जयराज आणि आप्पासो ट्रॉलीपासून आले, त्यांच्या पायांत त्यांची. आप्पासोनं विचारलंसुद्धा, मुकादम, एक हाक मारू का? मी बुंध्याकडे बोट दाखवलं. साखळी माझ्या हातानं काढली. फोन माझ्या तोंडानं केला. लाईन येईपर्यंत आम्ही तिघं ट्रॉलीकडे वळलो होतो.

आवाज मोठा नव्हता. गरम तेलात ओला पाला टाकल्यासारखा. भाऊसो खाली पडला नाही. बेचक्यात बसल्यासारखा राहिला. शेरडं खायची थांबली आणि सगळी एकदम वर बघू लागली.

लाईन पुन्हा बंद झाली. जयराज ओरडत रस्त्यानं पळाला, आप्पासो गावाकडे. मी एकटा होतो. तेव्हा दिसलं. वहाणा दगडापाशी होत्या. जोडीनं, तोंड झाडाकडे. तो देवाच्या झाडाखाली पायताण घेऊन गेलाच नव्हता.

हे मी पाहिलं होतं. मीच लिहून ठेवलं आहे.

वहाणा उचलल्या. बुंध्याशी नेऊन ठेवल्या.

१५ मे, गुरुवार

पोलिसांपुढं जबाब झाला. मी सांगितलं, लाईन क्लिअर देण्याआधी बुंधा तपासला, तिथं पायताण नव्हतं. जयराजनंही तेच सांगितलं, आप्पासोनंही. दोघं खरं बोलले. मग वहाणा बुंध्याशी कशा मिळाल्या? त्यांनीच अर्थ काढला, मयत नंतर आला. आमची पाठ फिरल्यावर पाला चोरायला चढला. वीज ऑफिसच्या साहेबांनी माझ्या नियमाची तारीफ केली. म्हणाले, सगळ्या टोळ्यांनी असं करायला पाहिजे.

वसाहतीत आता त्याला पालाचोर म्हणतात. दोन दिवसांपूर्वी हेच लोक त्याच्या शेरडाचं दूध नेत होते.

जेवण गेलं नाही.

१७ मे, शनिवार

त्याची बायको आली होती. रंगुबाई. रडली नाही. कडुनिंबाखाली माणसं जमली तेव्हा वहाणा तिच्यापुढं ठेवल्या, घेऊन जा म्हणून. तिनं हात लावला नाही. म्हणाली, आवं, आमच्यात ह्या लिंबाच्या बुडाशी पायताण न्हेत न्हाईत. लगीन होऊन आल्यापास्नं बगतीया, ह्यांनी कवा न्हेलं न्हाई. तात्याबा हळूच म्हणाले, बाई, दुःखात माणसाला कायबी सुचतं. ती म्हणाली, मला लय न्हाई कळत. पर माझा माणूस चोर न्हवता. ह्या वहाणा हितं ज्यानं आणल्या, त्यानंच न्याव्या.

कुणाकडेही न बघता म्हणाली. जाताना मात्र शेरडं माझ्या अंगावरून घेऊन गेली. काळी थांबली. माझा हात हुंगला. वहाणा उचलल्या होत्या, तो हात.

उद्या जाऊन खरं सांगावं असं वाटतं. पण खरं सांगायचं म्हणजे नियम चुकला हे सांगायचं. नाही. नियम नाही चुकला. मी एकदा मान वर करून बघितलं असतं तर—

१९ मे, सोमवार

काम पुन्हा सुरू. दुसऱ्या टोकाची गल्ली, चिंचेचं झाड. जयराज उतरला, चप्पल घातली, गेला. मी बुंध्याशी पाहिलं.

वहाणा होत्या. टायरचा तळ. डाव्या पायात तांब्याची तार.

वाटलं, जयराजची चेष्टा. पण जयराज त्या दिवसापासून चेष्टा करत नाही. त्याला बोलावून बोट दाखवलं. तो म्हणाला, काय मुकादम? मुळी हाय की. आप्पासोलाही काही दिसलं नाही. मी वाकून हात लावला. कातडं आतून ऊन होतं. नुकतंच पायातून काढल्यासारखं.

नियम माझा. पायताण आहे तोवर वर माणूस आहे. मी साखळी काढली नाही. स्वतः चढलो, शेंड्यापर्यंत बघून आलो. कुणी नाही. उतरलो तरी वहाणा तिथंच. गल्लीतल्या बाया दारात येऊन बोलू लागल्या, मिक्सर बंद, मोटर बंद, आन् ह्यो बाबा झाडावर सूर-पारंब्या खेळतूया. शेवटी आप्पासोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि लाईन क्लिअर दिली. मी डोळे मिटले.

तेलात पाला टाकल्याचा आवाज आला.

फक्त मला. वर काहीच नव्हतं. खाली उतरवलेला पाला मात्र हिरव्याचा काळा झाला होता. काळी शेरडी त्याला तोंड लावेना. ती इथं कुठून आली, कुणास ठाऊक.

२१ मे, बुधवार

आज दोन झाडं. दोन्हीच्या बुंध्याशी. जोडीनं. पण तोंड झाडाकडे नाही. माझ्याकडे.

वहाणा उचलून ओढ्यात टाकून आलो. चालत परत आलो तर तात्याबांच्या उंबऱ्याशी ओल्या. तात्याबा ओलांडून आत गेले, त्यांना काही नाही. विचारलं तर म्हणाले, गड्या, तुला विश्रांतीची गरज हाय. चार दिस घरी जाऊन ये मलकापूरला.

जाईन म्हणतो. पण तिथंही दारात आंबा आहे. त्यालाही बुंधा आहे.

रंगुबाईच्या घरापर्यंत गेलो होतो. अंगणात शेरडं बांधलेली. ती दारात धान्य पाखडत होती. सांगायचंच म्हणून गेलो. तिनं विचारलं, काय मुकादम? मी म्हणालो, पाला पाहिजे असेल तर सांगा.

पाला पाहिजे असेल तर सांगा, म्हणालो. हे तोंड.

ती म्हणाली, चोराच्या घरात पाला कशाला?

२३ मे, शुक्रवार

डाव्या पायाच्या तळव्याला गोल काळा डाग. दुखत नाही. भाऊसोच्या तळव्याला असाच होता, करंट तिथून बाहेर पडला म्हणून सांगत होते. घासला. जात नाही.

जयराज काम सोडतो म्हणाला. का विचारलं तर म्हणाला, मुकादम, तुमी झाडाखाली कुनासंगं बोलताय?

मी कुणाशी बोलत नाही. मी फक्त म्हणतो, उतर. बाबा, आता उतर.

२४ मे, शनिवार

हाताला वास. जळक्या लिंबाचा. भात, पाणी, उशी, सगळ्याला.

वारं सुटलं होतं दुपारी. कडुनिंबाची ती फांदी – तीच, अर्धी कापलेली – तारेला घासली. ठिणग्या. सगळ्या वसाहतीची लाईट गेली. ऑफिसचा फोन, फांदी सोमवारी उतरवा, नाहीतर ठेका रद्द. जयराज म्हणतो, त्या झाडावर चढणार नाही. आप्पासोचं वय नाही.

म्हणजे मी.

बरं झालं.

२५ मे, रविवार

ठरवलं. उद्या रंगुबाईला झाडाखाली बोलावलं आहे. निरोप धाडला. सगळ्यांच्या देखत सांगणार. आधी फांदी, मग—

नाही. आधी सांगणार.

आधी फांदी.

२६ मे, सोमवार

झाडावर आहे. वही खिशात होती. त्याच बेचक्यात बसलोय. खोड इथं काळं आहे.

लाईन बंद. साखळी टाकली आहे, स्वतः टाकली, दोनदा ओढून बघितली. वहाणा – माझे बूट – बुंध्याशी नेववले नाहीत. पाय पुढं जाईना. दगडापाशी काढले. जोडीनं.

आता कळतंय काय केलं. बूट कुठं काढले ते जयराजला सांगायला हवं होतं. हाक मारतो. वारं फार आहे.

रंगुबाई आली आहे. दगडापाशी उभी. शेरडं वर बघतात. सगळी. हे पान फाडून तिच्याकडे टाकतो. अक्षर वाईट येतंय, माफ करा—

भाऊसो चोर नव्हता. मी चढवला. मी आहे म्हणालो. वहाणा मी हलवल्या, दगडापासून बुंध्याशी. जबाब खोटा. लिहिणार, मानसिंग—

फांदी कापली. पडली. शेरडं खायला लागली.

खाली कुणीतरी खांबाकडे चाललंय. वरून फक्त टोपी दिसते. माझ्यासारखी. माझीच. माझा चौकड्याचा शर्ट. पायांत टायरच्या वहाणा—

जयराज त्याला विचारतोय, मुकादम, उतरलात व्हय? बुडाशी काय न्हाई. एक हाक मारू का?

तो बुंध्याकडे बोट दाखवतोय.

मी ओरडतोय. जयराज. जयराज, वर बघ. रंगुबाई, तुमी तरी— वही टाकतो, ही सगळीच टाकतो, कुणीतरी मान वर—

साखळी काढली. खळखळ ऐकू आली. फोन कानाला लावलाय त्यानं. माझा आवाज. माझ्या आवाजात म्हणतोय, सगळी खाली—

नाही. मी अजून व